'रसायनाची उणीव' : एका लोकप्रिय उपमेची चिकित्सा

मनोविकारांविषयीं मराठींत आतां मोकळेपणानें लिहिलें जातें, ही समाधानाची गोष्ट होय. वृत्तपत्रांच्या पुरवण्या, आरोग्यविषयक मासिकें, दिवाळी अंक यांत नैराश्यावर वर्षांतून चार-दोन लेख तरी वाचावयास मिळतात. परंतु या लेखांचें एक वैगुण्य आम्हांस फार दिवस खटकत आहे. बहुतेकांचा गाभा एकाच विधानांत सामावलेला असतो: मेंदूंतील सेरोटोनिन नांवाचें द्रव्य कमी पडलें कीं मनुष्य खिन्न होतो, आणि गोळी ती उणीव भरून काढते. विधान सुटसुटीत आहे. खरें मात्र नाहीं.

लातूर-नांदेडकडील वाचकास ही उपमा चटकन् पटते, याचें कारण उघड आहे. शेतीशीं ज्यांचा संबंध तुटलेला नाहीं अशा घरांत माती-परीक्षणाचा कागद परिचयाचा असतो. नत्र कमी, पालाश मध्यम, असें त्यावर लिहिलेलें असतें. खत घातलें कीं सोयाबीन सावरतें. मेंदू हीही अशीच एक जमीन, असें लेखकानें सुचविलें कीं शंका घेण्यास जागाच उरत नाहीं. पण मातीचें परीक्षण होतें तसें खिन्नतेचें होत नाहीं. रक्तांतील सेरोटोनिन मोजून नैराश्याचें निदान करणारी तपासणी लातुरांत नाहीं, मुंबईंत नाहीं, लंडनमध्येंही नाहीं. डॉक्टर निदान करितात तें रुग्णाशीं बोलून; झोप, भूक, कामांतील गोडी, मरणाचे विचार यांची चौकशी करून.

या कल्पनेचें एक मूळ आपल्या मुंबईपर्यंत पोंचतें, हें कोणी सांगत नाहीं. सर्पगंधेच्या मुळीनें रक्तदाब उतरतो, हें मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ सालीं एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केलें, आणि ही जुनी वनस्पति पाश्चात्य वैद्यकांत प्रतिष्ठा पावली. पुढील दशकांत तिच्यांतून रिसर्पिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. तें घेणारे कांहीं रुग्ण फार खिन्न होतात, असें डॉक्टर सांगूं लागले. प्राण्यांवरील प्रयोगांत त्यामुळें मेंदूंतील सेरोटोनिनचा सांठा रिता होतो असेंही दिसलें. तिकडे १९५२ सालीं न्यूयॉर्कच्या एका क्षय-रुग्णालयांत इप्रोनियाझिड घेणारे रोगी अनपेक्षितपणें उल्हसित झाले. हें औषध सेरोटोनिनादि द्रव्यांचा नाश थोपवितें. दोन्ही निरीक्षणें जोडून अनुमान निघालें, कीं खिन्नता म्हणजे या द्रव्यांचा तुटवडा. अनुमान बुद्धिमान होतें, पण तें अनुमानच होतें. पॅरासिटामॉलनें ताप उतरतो, म्हणून ताप हा पॅरासिटामॉलच्या अभावाचा रोग ठरत नाहीं.

फ्लुऑक्सेटिनसारखी हल्लींची गोळी करते काय? एक मज्जापेशी दुसरीस निरोप देतांना सेरोटोनिन बाहेर सोडते व काम झाल्यावर परत ओढून घेते. ही परतीची वाट गोळी अडविते. एवढें कार्य कांहीं तासांत होतें. रुग्णास उतार मात्र बहुधा दोन ते चार आठवड्यांनीं पडूं लागतो. नुसती उणीव भरावयाची असती तर दुसऱ्याच दिवशीं बरें वाटावयास हवें होतें! मधल्या काळांत मज्जापेशींची ग्रहणशक्ति बदलते, त्यांचे परस्परसंबंध नव्यानें जुळतात, असें संशोधक मानतात. या दोन-चार आठवड्यांविषयीं आमचे लेखक एक अक्षरही लिहीत नाहींत, आणि नेमक्या त्याच दिवसांत 'गुण नाहीं' म्हणून गोळ्या बंद होतात.

उपमेचा दुसरा अपाय उलट दिशेचा आहे. सेरोटोनिनच्या उणिवेस सबळ पुरावा नाहीं, असा निष्कर्ष २०२२ सालीं लंडनच्या संशोधकांनीं काढला. ज्यांस उपमाच सत्य म्हणून शिकविली होती त्यांस वाटलें, गोळ्याही खोट्या. तसें नाहीं. २०१८ सालीं ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हां एकवीसही औषधें निःसत्त्व गोळीहून सरस ठरलीं; सरसपणा मध्यम, पण खरा. अशीं औषधें एकाएकीं सोडल्यास चक्कर, बेचैनी, निद्रानाश होऊं शकतो. बरें वाटल्यावरही तीं सहसा सहा महिने तरी चालू ठेवावीं लागतात.

उपमेचा एक गुण मात्र नाकारतां येत नाहीं. खिन्न माणसास आळशी म्हणणाऱ्या, किंवा त्यास बाहेरची बाधा मानणाऱ्या घरांत तिनें रुग्णावरील दोष काढून घेतला. पण तो दोष काढतांना तिनें भोवतालचें जगही पुसून टाकलें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारींत ज्याचें घर व माणसें गेलीं, किंवा २०१६ सालीं मिरजेहून रेल्वेनें आलेल्या पाण्यावर शहर जगत असतांना ज्याची विहीर कोरडी व कर्ज उभें होतें, त्याची खिन्नता निव्वळ रसायनाची म्हणणें हें अर्धसत्यही नव्हे. शासनानें २०१५ सालीं मराठवाडा व विदर्भांतील १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठीं 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला, त्यांत औषधोपचाराबरोबर समुपदेशनही ठेविलें. सरकारी कचेरींत बसून योजना आखणाऱ्यांस जें उमगलें, तें नरहर कुरुंदकरांच्या नांदेडांत वाढलेल्या लेखकांसही उमगूं नये, याचें आम्हांस नवल वाटतें.