किल्ला, वेढा आणि गाठ: एका रूपकाची तपासणी

फुफ्फुसातल्या ग्रॅन्युलोमाविषयी, म्हणजे दाहातून होणाऱ्या पेशींच्या गाठीविषयी, आपल्याला नेहमी एकच चित्र दाखवलं जातं. क्षयाचा जंतू शिरला, भक्षक पेशी धावल्या, टी-पेशींनी बाहेरून कडं केलं, शत्रू किल्ल्यात कोंडला गेला. आज आपण तपासणार आहोत ते हे रूपक. कारण निदान आणि उपचारांचा विचार त्याच्याच वळणाने जातो.

रूपकाच्या बाजूचा पुरावा आधी घेऊ. टीएनएफ हा पेशींचा निरोप्या रेणू. त्याला अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब संधिवात आणि क्रोन्सच्या आजारात देऊ लागल्यावर काही रुग्णांत दबलेला क्षय उसळला. २००१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तट ढासळला, शत्रू सुटला. म्हणून आता हे औषध देण्याआधी क्षयाची तपासणी करतात. इथवर रूपक टिकतं.

पुढे मात्र अडचण येते. बडोद्यात वैद्यक शिकलेल्या ललिता रामकृष्णन आणि त्यांचे सहकारी डेव्हिस यांनी झेब्राफिशच्या पारदर्शक पिलांत क्षयजंतूच्या एका भाऊबंदाचा संसर्ग डोळ्यांनी पाहिला. २००९ चं हे काम. नव्या भक्षक पेशी गाठीत येत, मेलेल्या बाधित पेशी गिळून स्वतः बाधित होत, आणि काही बाहेर पडून दुसरीकडे नवी गाठ वसवत. म्हणजे निदान सुरुवातीला तरी हा तट जंतूचाच पसारा वाढवतो! आणि सारकॉइडोसिसमध्ये गाठ तशीच, पेशी त्याच, पण शत्रू सापडत नाही. मग वेढा कुणाला?

खरा घोटाळा होतो निदानात. मान्टू चाचणी ४८ ते ७२ तासांनी बघतात. इग्रा चाचणीत टी-पेशी क्षयाच्या प्रथिनांना बघून इंटरफेरॉन-गॅमा सोडतात का, ते मोजतात. दोन्ही सांगतात ते एवढंच, की या पेशींची जंतूशी ओळख आहे. संसर्ग सुप्त आहे की आजार चालू आहे, हे त्यांतून कळत नाही. आपले नैयायिक स्मृतीला प्रमा मानत नाहीत. इथे तोच भेद आपल्या कामाला येतो. सारकॉइडोसिसमध्ये तर फुफ्फुसात टी-पेशींची गर्दी, आणि कातडीवरची मान्टू बऱ्याचदा थंड. फुफ्फुस धुतलेल्या द्रवात सीडी४ पेशी सीडी८ च्या साडेतीनपटींहून जास्त निघाल्या तर संशय बळावतो, पण एकट्या त्या आकड्यावर निकाल देता येत नाही.

हा शब्दच्छल नाही बरं का. सारकॉइडोसिसला क्षय समजलं, तर रुग्ण महिनोन्‌महिने नको त्या गोळ्या खातो. उलट, क्षयाला सारकॉइडोसिस समजून नुसती स्टेरॉइड दिली, तर जंतूला मोकळं रान मिळतं आणि जीवावर बेतू शकतं.

म्हणून आम्ही म्हणतो, गाठीला किल्ला न म्हणता व्यवहार म्हणावं. व्यवहारात दोन्हीकडून देणंघेणं असतं, आणि या घडीला फायदा कुणाचा, हे दर वेळी नव्याने पाहावं लागतं. पेशींची साक्ष जरूर घ्यावी. पण कफातला जंतू, गाठीचा तुकडा, छातीचा फोटो आणि समोरच्या माणसाची तक्रार यांच्याशी ताडून. आता प्रश्न घेऊ या.