फासा आणि पंच

देवळालीच्या तोफांचा आवाज नाशिककरांना नवा नाही. तेथील स्कूल ऑफ आर्टिलरीतर्फे होणारे 'तोपची' हे प्रात्यक्षिक पाहून मुले भारावून जातात. त्यात आम्हाला एक उणीव जाणवते. समोरचे लक्ष्य उलटा मारा करीत नाही. प्रात्यक्षिकाचे ते कामच नाही, हे मान्य. पण युद्ध म्हणजे एवढेच, असा समज मात्र होऊ शकतो.

विचार करणारा प्रतिस्पर्धी समोर आणण्यासाठी वेगळे साधन आहे. ते म्हणजे युद्धखेळ. प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ या लेफ्टनंटने वडिलांच्या कल्पनेत सुधारणा करून १८२४ साली त्याचे नियम छापले. १:८००० प्रमाणाचा नकाशा, पथकांऐवजी ठोकळे, दोन मिनिटांची एक चाल आणि मध्ये एक पंच. दोन्ही पक्ष आपापले हुकूम पंचाकडे देत. प्रत्यक्ष रणांगणावर जेवढे दिसले असते, तेवढेच पंच त्यांना दाखवी. माऱ्याचा परिणाम फासा ठरवी. एकाच तोफेचे गोळे एकाच जागी पडत नाहीत, ते विखुरतात. हे विखुरणे संभाव्यतेच्या हिशेबात आणण्याची ही युक्ती होती. आज हा स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. अमेरिकेत १९९३ साली सुरू झालेली 'कनेक्शन्स' ही परिषद अशाच व्यावसायिकांची आहे.

मात्र या साधनाची खरी परीक्षा नकोसा निकाल लागतो तेव्हा होते. मे १९४२ मध्ये जपानी नौदलाने मिडवेच्या मोहिमेची अशीच तालीम केली. जपानी वैमानिक फुचिदा यांनी नंतर लिहिल्याप्रमाणे, फाशांनुसार नऊ बॉम्ब लागून 'आकागी' आणि 'कागा' या विमानवाहू नौका बुडत होत्या. अ‍ॅडमिरल उगाकी यांनी नवाचे तीन केले. बुडालेली 'कागा'ही पुढच्या डावात पुन्हा अवतरली. ४ जूनच्या लढाईत जपानने या दोन्हींसह चार विमानवाहू नौका गमावल्या.

साठ वर्षांनी, २००२ साली, अमेरिकेच्या 'मिलेनियम चॅलेंज' सरावात तेच घडले. शत्रूची भूमिका करणारे निवृत्त जनरल व्हॅन रायपर यांनी सुरुवातीलाच सोळा जहाजे कागदोपत्री बुडवली. जहाजे पुन्हा वर काढून सराव पुढे नेण्यात आला. उरलेला सराव वाया जाऊ नये, हा बचाव अगदीच खोटा नाही. पण त्यानंतर शत्रूच्या चालींवर बंधने घालण्यात आली, आणि तेथेच सरावाचा अर्थ गेला.

याचा शाळेशी संबंध काय? लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण ९.८ यावे म्हणून विद्यार्थी निरीक्षणे 'जुळवतात', आणि कित्येकदा आपण शिक्षकच तसे सुचवतो. म्हणजे नऊचे तीन करणारा पंच आपल्याच प्रयोगशाळेत उभा असतो. ९.१ आले तर ते वहीत तसेच राहू द्यावे. लांबी गोलकाच्या मध्यापर्यंत मोजली होती का, आंदोलने बरोबर मोजली का, झोका फार मोठा होता का, हे मुलांनी शोधावे. उत्तर न जुळलेल्या अशा वहीला आपण पूर्ण गुण देतो का, हाच आपला खरा प्रयोग आहे.