'गाभ्रीचा पाऊस' : एक टिपण

शेतकऱ्याच्या आत्महत्येवर चित्रपट काढावयाचा म्हटलें कीं सावकार दुष्ट, सरकार बहिरें आणि शेवटीं प्रेत, असा सांचा ठरलेला असतो. सतीश मनवर ह्यांच्या 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) ह्या चित्रपटानें तो मोडला. शेजाऱ्यानें जीव दिल्यावर किस्नाच्या बायकोच्या, अलकाच्या, मनांत धास्ती बसते. ती पोराला बापाच्या मागें मागें धाडते, नवऱ्याला गोडधोड करून घालते. त्या बिचाऱ्याला मात्र ह्या लाडाचा अर्थ उमगत नाहीं. येथें आम्हांला हसूं आलें आणि लगेच हसल्याची लाज वाटली. हें साधणें सोपें नव्हे. शीर्षकांतील शिवी तर आमच्या वाशीमकडे पावसाला रोजच हासडली जाते; पुण्यामुंबईच्या रसिकांना ती खटकली असल्यास खटको.

बाबूराव पेंटरांच्या 'सावकारी पाश' (१९२५) ह्या मूकपटांत व्ही. शांताराम ह्यांनीं रंगविलेला शेतकरी जमीन गेल्यावर मुंबईच्या गिरणीची वाट धरतो. त्याला निदान गिरणी होती. १९८२ च्या संपानंतर तीहि वाट बुजली, आणि किस्ना जागच्या जागीं अडकला.

एक तक्रार मात्र आहे. किस्नाला स्वतःची जमीन आहे. ज्याला तीहि नाहीं, जो दुसऱ्याच्या सोयाबीनच्या सोंगणीवर दिवस काढतो, तो शेतमजूर ह्या कथेच्या केंद्रीं येत नाहीं. पाऊस रुसला म्हणजे त्याचाहि रोज बुडतो. परंतु त्याला कर्जमाफी कसली, बँकेनें त्याला कर्जच दिलेलें नसतें! त्याच्या बायकोनें नवऱ्याला जपण्यासाठीं कोणतें पक्वान्न रांधावें?