भविष्यकाळाला लिंग नाही

विज्ञानकथेतल्या माणसाला 'तो' म्हणावे की 'ती', यावरून इंग्रजी वाचकांत गेली पन्नासहून अधिक वर्षे भांडण चालू आहे. आपल्याकडचा पांढरपेशा समीक्षक या भांडणाकडे दोनच नजरांनी पाहतो. एक तर तो त्याला भरल्या पोटाचे चोचले म्हणून हसतो, नाही तर पाश्चात्त्यांचे ते सारे पुरोगामी म्हणून टाळ्या वाजवतो. आपल्याला यातले काहीच परवडणारे नाही. माणसाला कोणत्या शब्दाने हाक मारायची, हा प्रश्न ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या अपमान म्हणूनच आला, त्यांना तो व्याकरणाच्या पुस्तकावर सोपवून मोकळे होता येणार नाही.

आधी भांडण काय ते पाहू. १९६६ साली अमेरिकेत 'स्टार ट्रेक' ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. तिच्या आरंभीच्या निवेदनात अज्ञात विश्वात जाणाऱ्यांसाठी 'मॅन' हा शब्द होता. १९८७ साली मालिकेचा नवा अवतार आला, तेव्हा 'नो मॅन'च्या जागी 'नो वन' आले. तारे ओलांडणाऱ्या यानाला एक शब्द ओलांडायला एकवीस वर्षे लागली.

१९६९ साली उर्सुला ल ग्विन या लेखिकेची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' ही कादंबरी आली. तिच्यातल्या गेथेन या ग्रहावर कायमचे स्त्री वा पुरुष असे कोणी नाही. महिन्यातले काही दिवस देह स्त्रीचा किंवा पुरुषाचा होतो, एरवी तो दोन्ही नसतो. कल्पना क्रांतिकारक होती, पण लेखिकेने या सगळ्यांना 'ही', म्हणजे 'तो', म्हटले. स्त्रीवादी समीक्षकांनी विचारले, मग या ग्रहावर आम्हांला पुरुषच का दिसतात? १९७६ च्या एका निबंधात ल ग्विन यांनी आपल्या निवडीचे समर्थन केले. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याच निबंधाला टिपा जोडून त्यांनी ते समर्थन मागे घेतले. त्याआधी १९७५ साली, त्याच ग्रहावरची आपली एक जुनी कथा पुन्हा छापताना, त्यांनी तिथल्या माणसांना 'शी' केले होते. आपले लिहिलेले इतक्या उघडपणे दुरुस्त करणारा लेखक विरळा.

२०१३ साली ॲन लेकी यांची 'ॲन्सिलरी जस्टिस' आली. तिच्यात एका आकाशव्यापी साम्राज्याची भाषा लिंगभेद जाणत नाही आणि निवेदन करणारे पात्र सर्वांनाच 'शी' म्हणते. या कादंबरीला ह्यूगो, नेब्युला आणि आर्थर क्लार्क हे तिन्ही मोठे पुरस्कार मिळाले. तरीही कित्येक वाचक कुरकुरले: कोण पुरुष, कोण बाई हे कळत नाही. शेकडो वर्षे सगळ्यांना 'तो' म्हटले जात होते, तेव्हा हा गोंधळ कोणाला जाणवला नव्हता.

या कुरकुरीमागे एक जुना युक्तिवाद आहे: 'तो' म्हटले की त्यात 'ती' आलीच. कायदाही असेच म्हणत आला आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने 'ही' या सर्वनामात स्त्री आणि पुरुष दोघांना कोंबले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने त्यात तृतीयपंथीयांचीही भर घातली, पण सर्वनाम तेच ठेवले. घर पुरुषाच्या नावावर, बाकीचे भाडेकरू.

या युक्तिवादाचे उत्तर आपल्याला पुस्तकात शोधावे लागत नाही. 'गावजेवण' म्हटले की त्यात सगळे गाव आलेच, नाही का? मग आमची पंगत उकिरड्याशेजारी का बसत होती? 'सार्वजनिक' हा शब्द तर सर्वसमावेशकच आहे. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीर केले. शब्दांत आम्ही आलो होतो, पाण्यात आलो नव्हतो. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह तळ्याच्या पायऱ्या उतराव्या लागल्या. 'त्यात आलेच की' असे जो म्हणतो, तो बहुधा आधीपासून आत बसलेला असतो.

आता मराठीकडे वळू. इंग्रजीचे लिंग सर्वनामात अडकले आहे, मराठीचे क्रियापदापर्यंत पसरले आहे. 'मी गेलो' की 'मी गेले' हे सांगितल्याशिवाय आपल्याला साधे घराबाहेर पडता येत नाही. मराठी विज्ञानकथेने याचा विचार फारसा केला नाही. डॉ. जयंत नारळीकर यांचेच उदाहरण घेऊ. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांची 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पहिली आली, आणि पुढे या प्रकाराला त्यांच्यामुळे प्रतिष्ठा मिळाली. २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. फलज्योतिषाच्या थोतांडाला त्यांनी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांबरोबर प्रयोगाने आव्हान दिले. २० मे २०२५ रोजी ते गेले, तेव्हा विवेकाच्या बाजूचा एक मोठा माणूस गेला.

पण आदर ठेवूनही प्रश्न विचारता येतो. त्यांच्या एका कादंबरीचे नाव आहे 'वामन परत न आला'. वामन हे एक यंत्र. त्याला ना देह, ना जात, ना लिंग. तरीही मराठीत उतरताच ते 'आला' झाले आणि नाव मिळाले ते एका अवताराचे. जोतीरावांनी बळीराजाची कहाणी ज्यांना शिकवली, त्या वाचकाच्या मनात हे नाव वाचून काय उमटते, याची कल्पना प्रस्थापित समीक्षेला कधी आली नाही. 'अंतराळातील भस्मासुर' हेही एक नाव असेच. भविष्यातही संहारक तो असुरच. लेखकाचा हेतू वाईट होता असे येथे मुळीच म्हणायचे नाही. भाषा नकळत काय काय घेऊन येते, एवढेच दाखवायचे आहे. पुरुषलिंग आणि पुराण हे दोन्ही एकाच यानातून, तिकीट न काढता, भविष्यात पोचतात.

मग उपाय काय? कोणी म्हणेल, मराठीला इंग्रजीसारखी अडचण नाही. तिच्याकडे तिसरे लिंग तयार आहे, ते वापरा. इथेच आपण सावध झाले पाहिजे. व्याकरणाने या लिंगाला नावच दिले 'नपुंसक', आणि तो शब्द शिवी म्हणून तृतीयपंथीयांच्या अंगावर फेकला गेला. आपल्याही अंगावर हे लिंग फेकले गेले आहे. जातीच्या नावाला 'डं' जोडून केलेली हाक आठवा. तिथे माणसाचे 'ते' होते, वस्तू होते. हा नपुंसकलिंगी प्रत्यय आमच्या आजोबांना आणि आजीला सारखाच लागला. लिंगभेद खरोखरच उरला नव्हता, कारण माणूसच उरला नव्हता. अशा 'समते'चा अनुभव इंग्रजी वाचकाला नाही. म्हणून 'ते' म्हणा, प्रश्न मिटला, हे आपल्याला पटणार नाही. 'लेकरू' आणि 'मूल' यांत हेच लिंग मायेने येते, हे खरे. पण मोठ्या माणसाला लेकरू करणे हाही एक प्रकारचा उद्धारच.

मराठी स्वतः होऊन कुठे लिंगभेद टाकते, ते पाहण्याजोगे आहे. 'अरे' पुरुषाला, 'अगं' बाईला. 'तू आलास' पुरुषाला, 'तू आलीस' बाईला. पण 'अहो' दोघांना. 'तुम्ही आलात' दोघांना. म्हणजे समोरच्याला मान दिला की लिंग गळून पडते. ते अरेतुरेत टिकते, आदरात टिकत नाही. दुसरी जागा 'आम्ही'ची. 'मी गेलो', 'मी गेले' असे वेगळे सांगणारे एकत्र आले की 'आम्ही गेलो' एवढेच उरते. आदर आणि एकजूट. ज्या दोन गोष्टींसाठी आपली चळवळ उभी राहिली, त्याच दोन जागी मराठी व्याकरण बाई-पुरुष विसरते.

सोलापूरकरांना हे आणखी सोपे करून सांगता येईल. आपल्या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि दखनी नांदतात. विडी कामगारांच्या वस्तीत ऐकू येणारी तेलुगू काय म्हणते? तो आला म्हणजे 'वच्चाडु'. ती आली म्हणजे 'वच्चिंदि', आणि वस्तू आली तरी 'वच्चिंदि'च. एकट्या बाईचे क्रियापद वस्तूच्या रांगेत. पण अनेक बाया आल्या की 'वच्चारु', आणि अनेक पुरुष आले तरी 'वच्चारु'. एकटी असताना जी वस्तूंत मोजली गेली, ती समूहात माणसांत आली. कन्नडमध्येही 'बंदरु' म्हटले की आलेली माणसे बाया की पुरुष हे विचारले जात नाही, आणि एकाच माणसाला मान द्यायचा तरी तेच 'बंदरु'. विडीवर धागा गुंडाळणाऱ्या बाईला व्याकरण ठाऊक नसेल, पण मोर्चात गेल्यावरच आपण माणसांत मोजले जातो, हे तिला पक्के ठाऊक असते.

कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो', 'मी जातो' असे बोलतात. शहरी शिष्टांना त्याचे हसू येते. इंग्रजीत कोणी सगळ्यांना 'शी' म्हटले की पुरस्कार, आणि आपल्या बायांनी 'मी आलो' म्हटले की अशुद्ध! लिंगभेद पुसणारा प्रयोग कोण करतो, यावर तो प्रयोग ठरतो की अडाणीपणा ठरतो.

मराठीतली तिसरी जागा सर्वांत महत्त्वाची, कारण विज्ञानकथेचा तीच प्राण आहे. 'जाईन' कोण म्हणाले? बाई की पुरुष? सांगता येत नाही. 'जाईल', 'करील', 'जिंकेल' यांतही लिंग नाही. हिंदीत 'जाएगा' आणि 'जाएगी' असे दोन भविष्यकाळ आहेत. मराठीच्या भविष्यकाळाला लिंग नाही. नाव घेतले, 'तो'-'ती' म्हटले तर ते परत येते. पण क्रियापदाने आपल्यापुरते दार उघडे ठेवले आहे. ज्या साहित्याचा विषयच भविष्य आहे, त्याने हे दार वापरू नये, याचे नवल वाटते.

मात्र शब्द बदलले की माणूस बदलला, या भ्रमात आपण राहता कामा नये. ॲन लेकी यांचे ते साम्राज्य पुन्हा पाहा. तिथे सर्वनाम एकच आहे, पण जिंकलेल्या लोकांची शरीरे हुकमाच्या सैनिकांसाठी वापरली जातात. त्या भाषेत 'नागरिक' आणि 'सुसंस्कृत' यांना एकच शब्द आहे. बाकीचे मग कोण? लेखिकेने हे जाणूनबुजून रचले आहे, आणि आपल्या मते तेच तिच्या कादंबरीचे खरे बळ आहे. लिंगभेद न मानणारी भाषा गुलामगिरी सुखाने चालवू शकते. पाश्चात्त्य वाचक सर्वनामावर भांडत राहिला. आपण तिथे थांबू नये.

आणि बोट स्वतःकडेही वळवावे. 'दलित' हा शब्द लिंगनिरपेक्षच आहे. तरी आरंभीच्या दलित साहित्यातला 'आम्ही' बहुतेक वेळा पुरुषाचा होता. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आणि सोलापूर जिल्ह्यातल्या महूदला जन्मलेल्या शांताबाई कांबळे यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा' आली, तेव्हा त्या 'आम्ही'तून कोण गळले होते ते दिसले. आपल्या शब्दात बाया आलेल्या होत्या, पानांवर उशिरा आल्या. म्हणून जोतीराव 'सार्वजनिक सत्यधर्म' सांगताना पुन्हा पुन्हा 'स्त्रीपुरुष' असा जोडशब्द वापरतात, याचे मोल मोठे आहे. 'त्यात आलेच की' यावर त्यांनी भिस्त ठेवली नाही. जिथे कोणी गळण्याची भीती, तिथे नाव घ्यावे. जिथे नाव घेऊन हिणवण्याची भीती, तिथे सर्वांना एकच शब्द वापरावा. हा व्याकरणाचा नियम नव्हे, न्यायाचा आहे.

दलित साहित्याने आजवर मुख्यतः भूतकाळ लिहिला. तो लिहिणे अटळ होते, कारण तो दुसऱ्या कोणी लिहिला नव्हता. मराठीचा भूतकाळ 'गेलो' की 'गेले' असे विचारतो, आणि गावकूस त्याच्याही आधी जात विचारत होते. भविष्य मात्र अजून कोणाच्या नावावर झालेले नाही. आज महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी विज्ञानकथा ही उच्चभ्रूंची करमणूक म्हणून सोडून देऊ नये. उद्याच्या यानात कोण बसेल, तिथले संडास कोण साफ करील, यंत्राला नाव कोण देईल आणि त्या यंत्राला 'अहो' म्हणायचे की 'अरे', हे सगळे प्रश्न आपले आहेत. ते आपण लिहिले नाहीत, तर दुसरे कोणी तरी लिहील, आणि वामन पुन्हा एकदा पाऊल ठेवायला जागा मागेल.