सौम्य वाक्य नेमकं कोणाला सांभाळतं?

इंग्रजी शोधनिबंध वाचायला लागलात की ‘मे’, ‘सजेस्ट’, ‘इट सीम्स’ पदोपदी भेटतात. याला हेजिंग म्हणतात. पुराव्याला पेलेल तेवढाच दावा करायचा, हा त्यामागचा हेतू. पण प्रत्येक सौम्य वाक्य प्रामाणिक असतंच असं नाही. दोन्ही नमुने एकाच ठिकाणी बघायचे असतील तर वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा निबंध काढा. ‘नेचर’, २५ एप्रिल १९५३. पानभराच्या थोडाच वर मजकूर आहे.

त्याच्या शेवटाकडचं वाक्य गाजलेलं आहे. आपण मांडलेल्या जोड्यांवरून जनुकीय द्रव्याची नक्कल कशी होत असेल याची एक शक्यता दिसते, आणि ती आपल्या नजरेतून सुटलेली नाही, असा त्याचा मतितार्थ. नकारातून केलेला दावा! क्रिकला या मुद्द्यावर सविस्तर लिहायचं होतं, तर वॉटसनला रचनाच चुकीची निघेल अशी धास्ती होती. त्या तडजोडीतून हे वाक्य आलं, असं क्रिकनेच पुढे सांगितलं. त्यात थोडी ऐट आहे, हक्क नोंदवून ठेवण्याची घाईसुद्धा आहे. तरी ‘शक्यता’ योग्य जागी बसली आहे. कारण रचनेवरून नक्कल कशी होईल ते सुचतं, सिद्ध होत नाही. त्यासाठी मेसेल्सन आणि स्टाल यांच्या १९५८च्या प्रयोगाची वाट बघावी लागली.

आता दुसरा नमुना बघा. विल्किन्स, फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांच्या अप्रकाशित निष्कर्षांच्या ‘सर्वसाधारण स्वरूपा’ची माहिती प्रेरक ठरली, एवढंच श्रेय आभारात आहे. प्रत्यक्षात वॉटसनने ५१ क्रमांकाचं छायाचित्र पाहिलं होतं आणि फ्रँकलिनची मोजमापं असलेला किंग्ज कॉलेजचा अहवाल दोघांच्या हाती आला होता. भाषा इथेही तितकीच नम्र आहे. पण इथे शंका कसलीच नाही. आहे ते ऋण, आणि तेच धूसर केलंय.

म्हणून तुमच्या निबंधात ‘मे पॉसिबली सजेस्ट’ अशी तिहेरी गादी घालण्याआधी स्वतःला विचारा: मला नेमकी शंका कशाची आहे? नमुने कमी आहेत? उपकरणाची मर्यादा आहे? मग तेच लिहा. उत्तरच सापडत नसेल, तर तो शब्द पुराव्याला नाही, तुम्हाला सांभाळतोय. खोडून टाका.