पुढल्या वर्षी पाहू

खेळाच्या आठवणी काढीत बसणारी माणसे जगात सगळीकडे सारखीच. आपल्याकडे संध्याकाळी कट्ट्यावर दोन पेन्शनर टेकले की १९७१ सालचा वाडेकरांचा संघ निघतो, मग त्याच्याही आधीचे कोणी निघतात, आणि ‘आता तसले खेळाडू राहिले नाहीत’ या पालुपदावर बैठक मोडते. अमेरिकेत बेसबॉलच्या बाबतीत हेच चालते. कॉलेजच्या बास्केटबॉलची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. तिथले शौकीन जे खेळले त्यांच्या आठवणी काढतातच. पण जो येणार येणार म्हणून गाजला आणि आलाच नाही, किंवा आला आणि वाया गेला, त्याच्याही काढतात. अमुक साली अमुक कॉलेजने शाळाशाळांतून कोणकोणती पोरे उचलली, याच्या याद्या त्यांना पाढ्यांसारख्या पाठ असतात.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी या विषयावरची तीन अमेरिकन पुस्तके वाचली. तिन्ही आपापल्या परीने न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिन या एका भागाशी बांधलेली आहेत. वाचताना एकच प्रश्न मला सारखा छळीत राहिला. आठवण काढणारा माणूस नेमके कोणाला आठवत असतो? त्या खेळाडूला, की त्या वेळच्या स्वतःला?

बेसबॉलचे नियम सांगत बसत नाही. नऊ नऊ गड्यांचे दोन संघ, नऊ डाव. चेंडू कुंपणापलीकडे प्रेक्षकांत गेला की होम रन, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्याचा हंगाम. वसंतात सुरू होऊन शरदात संपणारा, आणि त्या काळी एकेका संघाचे १५४ सामने असलेला. रोज सामना, रोज रेडिओ, रोज वर्तमानपत्र. इतका लांब हंगाम माणसाच्या घरात येऊन राहतो. ब्रुकलिनच्या घराघरांत असा जो संघ राहत होता, त्याचे नाव डॉजर्स. १९४१ ते १९५३ या काळात तो पाच वेळा वर्ल्ड सिरीज या अखेरच्या मालिकेपर्यंत पोचला आणि पाचही वेळा यांकीज या एकाच संघाकडून हरला. ‘पुढल्या वर्षी पाहू’ ही तिथल्या लोकांची जणू म्हणच होऊन बसली.

सर्वांत मोठा घाव १९५१ सालचा. ऑगस्टमध्ये जायंट्स हा शेजारचा संघ साडेतेरा सामन्यांनी मागे होता. त्याने ते सारे अंतर भरून काढून बरोबरी साधली. मग तीन सामन्यांची जादा लढत झाली आणि तिच्या शेवटच्या सामन्यात, ३ ऑक्टोबर रोजी, अखेरच्या डावात डॉजर्स ४-२ असे पुढे असताना बॉबी टॉमसनने राल्फ ब्रँकाच्या चेंडूवर होम रन मारून सामना ५-४ असा फिरवला. पुढे २००१ साली उघडकीस आले, की जायंट्सची माणसे त्या हंगामात मैदानापलीकडच्या आपल्या खोलीतून दुर्बीण लावून प्रतिस्पर्ध्यांच्या खाणाखुणा चोरीत होती. त्या नेमक्या चेंडूवर आपल्याला तशी मदत झाली नाही, असे टॉमसन म्हणत राहिला. मला मौज वाटते ती अशी, की पन्नास वर्षांनी हे सत्य बाहेर आले तरी आठवणीतला तो होम रन काही खाली पडला नाही. आठवण पुराव्यावर उभी नसतेच. ती कोणत्या अंगणात, कोणाच्या शेजारी बसून रेडिओ ऐकला, यावर उभी असते.

त्या अंगणाचे पुस्तक म्हणजे डोरिस कर्न्स गुडविन या इतिहासकार बाईंचे ‘वेट टिल नेक्स्ट इयर’ (१९९७). नावात तीच म्हण. डोरिस सहा वर्षांची असताना वडिलांनी तिला तांबड्या रंगाची धावफलक-वही आणून दिली आणि खेळाची नोंद कशी करावी ते शिकवले. दुपारी रेडिओवर सामना ऐकायचा, चिन्हांनी वही भरायची आणि वडील कामावरून आले की त्यांना सगळा सामना पहिल्यापासून सांगायचा. सुरुवातीला पोर उतावळेपणाने जिंकलो की हरलो ते आधीच सांगून टाकी. मग तिला कळले, की शेवट झाकून ठेवला तर ऐकणारा धरून ठेवता येतो. कादंबरीलेखनावरची मोठाली पुस्तके मी चाळली आहेत. त्यांतल्या पुष्कळांपेक्षा ही दोन पाने मला अधिक उपयोगी वाटली. सामन्याची सारी हकीगत दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येते, हे मात्र त्या सज्जन गृहस्थाने मुलीला पुष्कळ दिवस कळू दिले नाही! प्रतिस्पर्धी खेळाडूंचे वाईट चिंतले म्हणून ही मुलगी चर्चमध्ये जाऊन पापाची कबुली देते, तो प्रसंग घरातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवावा असा आहे.

बाईंचा प्रामाणिकपणा असा, की खेळाडू आपल्याला कळला असा दावा त्या कुठेही करीत नाहीत. त्यांच्या पुस्तकात खेळाडू लांब, हिरवळीवरच राहतो. जवळ असतात ते वडील, आजारी आई आणि शेजारपाजार. मर्यादा ओळखून लिहिलेले हे पुस्तक आहे, आणि त्या मर्यादेत त्याला नाव ठेवायला जागा फार थोडी.

रॉजर कानचे ‘द बॉईज ऑफ समर’ (१९७२) ही मर्यादा ओलांडते, आणि म्हणून ते मोठे. कान ब्रुकलिनचाच मुलगा. १९५२ आणि १९५३ या दोन हंगामांत वर्तमानपत्राचा बातमीदार म्हणून तो डॉजर्सबरोबर हिंडला. ही दोन्ही वर्षे हरण्याची! संघ अखेर १९५५ साली जिंकला. १९५७ चा हंगाम संपल्यावर मालकाने तो उचलून लॉस एंजेलिसला नेला, आणि १९६० साली एबेट्स फील्ड हे जुने मैदान पाडायला घेतले तेव्हा पाडणाऱ्या लोखंडी गोळ्याला बेसबॉलसारखा रंग दिला होता. (ही कल्पना ज्या कोणाला सुचली त्याच्या रसिकतेला काय म्हणावे!) त्यानंतर काही वर्षांनी कान आपल्या संघातल्या एकेका माणसाला शोधीत देशभर फिरला. पुस्तकाचा उत्तरार्ध म्हणजे या भेटी.

पूर्वार्धाविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. घरातले वाचन, खेळाचे वावडे असलेली आई, खेळाचे वेड असलेले वडील यांविषयी लेखक बोलत राहतो, आणि आपण साहित्यिक आहो हे विसरू देत नाही. पुस्तकाचे नावही डिलन टॉमसच्या कवितेवरून घेतलेले. पण तो खेळाडूंच्या दारावर जाऊन उभा राहिला की गद्य एकदम शहाणे होते.

जॉर्ज शुबाची भेटच पाहा. हा काही पहिल्या रांगेतला गडी नव्हे. पण त्याचा फटका पाहणाऱ्याला डोळ्यांत साठवून ठेवावासा वाटे. कान त्याच्या घरी जाऊन म्हणतो, तुझा फटका किती नैसर्गिक होता! शुबा उठतो आणि जुने कागद काढून दाखवतो. छताला गाठी मारलेली दोरी टांगून, जड केलेली बॅट घेऊन तो रोज सहाशे फटके मारी. हिवाळ्यात, दिवसभराचे काम उरकल्यावर. आणि त्यांची खूण कागदावर करून ठेवी. असे कितीतरी हिवाळे. याला तू नैसर्गिक म्हणतोस का, असा त्याचा प्रश्न. या प्रश्नाने नुसत्या कानला नव्हे, आठवणी काढणाऱ्या सगळ्याच मंडळींना निरुत्तर केले आहे. आपण ज्याला देणगी म्हणून कौतुक करतो ती दुसऱ्या माणसाची मजुरी असते, आणि ती त्याने आपण पाहत नसताना केलेली असते.

कार्ल फुरिलो तर मजूरच झालेला भेटतो. एबेट्स फील्डच्या उजव्या भिंतीवरून चेंडू कसा उसळेल ते त्याच्याइतके कोणाला कळत नसे. १९५३ साली फलंदाजीच्या सरासरीत तो आपल्या लीगमध्ये पहिला आला होता. १९६० साली दुखापत झालेली असताना संघाने त्याला काढले. तो कोर्टात गेला, आणि त्यानंतर या धंद्यात आपल्याला कोणी उभे करून घेतले नाही असा सल त्याच्या मनात राहून गेला. कान त्याला गाठतो तेव्हा न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचे बांधकाम चालू आहे आणि फुरिलो तिथे लिफ्ट बसवण्याचे काम करतो आहे. त्या इमारतीही आता नाहीत. बिली कॉक्स गावाकडच्या एका क्लबात बारमागे उभा असतो. यष्टीरक्षकासारखे काम करणारा रॉय कॅम्पनेला १९५८ सालच्या मोटार अपघातापासून चाकांच्या खुर्चीत. आणि ज्याच्यामुळे १९४७ साली गोऱ्यांच्या या खेळाचे दार काळ्या माणसाला उघडले तो जॅकी रॉबिन्सन, पांढऱ्या केसांचा, तरुण मुलगा गमावून बसलेला.

यात कानची एक खोड आड येते. म्हातारपण म्हणजे पराभव, हे त्याने आधीच ठरवून टाकले आहे. पण त्यानेच लिहिलेला कार्ल अर्स्किन या ठरावात बसत नाही. अर्स्किन इंडियाना राज्यातल्या आपल्या अँडरसन गावी परतला. त्याचा धाकटा मुलगा डाउन सिंड्रोम घेऊन जन्मला. त्या काळी अशा मुलांना संस्थेत ठेवून मोकळे होण्याची रीत होती. अर्स्किन नवराबायकोने त्याला घरी वाढवले. तिथे हार कसली? लेखकाच्या मतापेक्षा त्याची माणसे मोठी निघतात, हे मी कानच्या पुस्तकाचे यशच समजतो.

माझ्या शाळेतही सुटीत जुने विद्यार्थी येतात. आंतरशालेय स्पर्धेत सर्वांच्या पुढे धावणाऱ्या आपल्या वर्गमित्राची आठवण हटकून निघते. ‘सर, काय धावायचा हो तो!’ तो आता काय करतो हे मी सांगायला लागलो, की ऐकणाऱ्यांचे लक्ष चहाकडे जाते.

आता तिसरे पुस्तक. डार्सी फ्रेचे ‘द लास्ट शॉट’ (१९९४) ब्रुकलिनच्या अगदी दक्षिण टोकाला, कोनी आयलंडला घडते. जिथे लोहमार्ग संपतो आणि सरकारी चाळींचे उंच मनोरे सुरू होतात. तिथल्या लिंकन हायस्कूलच्या बास्केटबॉल संघातल्या मुलांबरोबर फ्रे १९९१ पासूनचा एक हंगाम राहिला. मुलांना हवी आहे कॉलेजची शिष्यवृत्ती. वस्तीतून बाहेर पडण्याचा त्यांना दिसणारा तोच एक रस्ता. उन्हाळी शिबिरांत कॉलेजांचे कोच येऊन बसतात. मुलांशी बोलायला त्यांना नियमाने बंदी. म्हणून नुसते दिसत राहायचे, कोटावरचे कॉलेजचे नाव मुलाच्या डोळ्यांसमोर राहील अशा बेताने. वधूपरीक्षेत असतो तसला हा सगळा प्रकार. फक्त इथे पाहुणे मुलीऐवजी सतरा वर्षांच्या पोराची उंची मोजीत असतात.

आणि खेळ कितीही चांगला असला तरी एका लेखी परीक्षेत १६०० पैकी ७०० गुण हवेत. मैदानात कोणाला न ऐकणारा मुलगा इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठ्या करून पाठ करीत बसतो, ती पाने वाचताना माझ्यातला मास्तर कासावीस झाला. ज्या शाळेने त्याला वाचायला नीट शिकवले नाही, तिच्या उणिवेचा दंड त्याने भरायचा! ही गुणांची अट २०२३ साली काढून टाकण्यात आली, आणि २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूला स्वतःच्या नावावर पैसेही मिळवता येतात. फ्रेच्या मुलांना याचा काय उपयोग?

त्याच संघात चौदा वर्षांचा एक नवा पोरगा आहे, स्टेफॉन मार्बरी. त्याचे थोरले भाऊ याच वाटेने गेले आणि व्यावसायिक खेळाच्या दारापाशी अडले. हा मात्र पोचला. १९९६ साली त्याची निवड चौथ्या क्रमांकावर झाली. तरी अमेरिकेतले शौकीन त्याच्याबद्दल ‘काय झाला असता!’ अशा सुरातच पुष्कळदा बोलतात. चीनमध्ये जाऊन बीजिंगच्या संघाला त्याने तीन वेळा अजिंक्यपद मिळवून दिले आणि तिथे त्याचा पुतळा उभारला गेला, ही गोष्ट त्यांच्या आठवणीत बसत नाही. कारण ती त्यांनी घरी बसून पाहिलेली नाही.

लेखक म्हणून फ्रे कानपेक्षा कमी रसाळ आहे, त्याच्याजवळ गुडविनबाईंची माया नाही. पण त्याने आठवण तयार होण्याच्या आधीच लिहिले. त्यामुळे त्याच्या पुस्तकात पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नाही, अगदी लेखकालाही नाही. तिन्हींपैकी एकच हाती लागणार असेल तर हेच घ्यावे असे मी म्हणेन. घरात दहा-बारा वर्षांची मुले असतील तर आधी गुडविनबाईंची तांबडी वही. आणि कानचे पुस्तक मिळाले तर पूर्वार्ध खुशाल उलटून शुबाच्या घरापाशी थांबावे.