रानातील माणसांचे मौन : ‘द जंगल बुक’ आणि ‘द लंडन जंगल बुक’

माणूस आणि निसर्ग यांच्या नात्यावरील बालसाहित्याची चर्चा होते तेव्हा प्राणी, पक्षी, वृक्ष यांच्या चित्रणाचा विचार प्रामुख्याने केला जातो. रानातच पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांना त्या पुस्तकात कोणते स्थान मिळाले, हा प्रश्न सहसा मागे पडतो. रुडयार्ड किपलिंग यांची ‘द जंगल बुक’ (१८९४) व ‘द सेकंड जंगल बुक’ (१८९५) ही पुस्तके या प्रश्नाच्या अनुषंगाने पुन्हा वाचण्याजोगी आहेत.

मोगलीचे रान सिवनीचे, म्हणजे नागपूरच्या उत्तरेकडील सातपुड्याचे. किपलिंग यांचा जन्म मुंबईचा (१८६५) असला तरी हे रान त्यांनी पाहिलेले नव्हते. स्टर्नडेल यांच्या ‘सिवनी’ (१८७७) या पुस्तकाचा त्यांना मोठा आधार होता आणि मोगलीच्या बहुतेक कथा त्यांनी अमेरिकेतील व्हरमाँट येथे लिहिल्या. ऐकीव व वाचीव सामग्रीतून उभे राहिलेले हे रान तरीही विलक्षण जिवंत आहे, हे मान्य केलेच पाहिजे. बाळू अस्वल शिकवतो त्या रानच्या कायद्यात शिकारीला मर्यादा आहे, पाणवठ्याला शिस्त आहे. प्रत्येक प्राणिकुळाशी बोलण्याचा स्वतंत्र संकेत आहे. १९९३ मध्ये दूरदर्शनवरून हिंदीत आलेल्या मालिकेने एका संपूर्ण पिढीला मोगलीचे वेड लावले, त्यामागे या जगाची सुसंगती निश्चितच होती.

तथापि या बोलक्या रानात न बोलणारा एक घटक आहे, तो म्हणजे गोंड माणूस. ‘लेटिंग इन द जंगल’ या कथेत रानातील प्राण्यांनी शेते उद्ध्वस्त केलेल्या गावातील भयभीत लोक जवळच्या गोंडांच्या मुखियाला बोलावतात. हे लोक या भूमीचे मूळ मालक होत, असे किपलिंग स्वतःच तेथे नमूद करतात. तो मुखिया धनुष्य घेऊन एका पायावर उभा राहतो, रानकारल्याचा वेल देवळाच्या दारावर गुंफतो, कान्हीवाड्याच्या वाटेकडे हाताने खूण करतो आणि निघून जातो. त्याच्या तोंडी एकही शब्द नाही. ‘द किंग्ज अँकस’ या कथेत दुसरा गोंड भेटतो. मोगली व बघीरा त्याच्या पावलांचा माग काढत जातात आणि त्यांना सापडते ते त्याचे प्रेत. लांडगा, अजगर, माकड यांना वाणी मिळाली. ज्याला लेखकाने भूमीचा धनी म्हटले, त्याला मात्र ती मिळाली नाही. ‘जंगल पीपल’ हा शब्दही या पुस्तकांत प्राण्यांसाठीच येतो, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

याची एक बाजू ‘इन द रुख’ (१८९३) या कथेत उघड होते. जंगल बुकच्या आधी प्रसिद्ध झालेल्या या कथेत प्रौढ मोगली सरकारी वनखात्यात वनरक्षक होतो; पगार आणि निवृत्तिवेतन यांचीही भाषा तेथे येते. १८७८ च्या वन कायद्याने राखीव वनांतील स्थानिकांचे हक्क आक्रसले होते. ज्या रानाचा मोगली स्वामी, त्या रानाची व्यवस्था अखेर खात्याकडेच जाते. बालवाचकाला हे कळत नाही; अध्यापकाला ते कळायला हवे.

सिवनीच्या पूर्वेकडे, डिंडोरी जिल्ह्यातील पाटनगढ हे परधान गोंड चित्रकार भज्जू श्याम यांचे गाव. त्यांचे आजोबा मानवशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांच्याकडे कामाला होते. म्हणजे निरीक्षण करणारे एकीकडे आणि निरीक्षणाचा विषय होणारे दुसरीकडे, ही विभागणी त्या घराने जवळून पाहिली होती. एका भारतीय उपाहारगृहाच्या भिंती रंगवण्यासाठी लंडनला गेलेल्या भज्जू श्याम यांनी ही दिशाच उलटी केली. चेन्नईच्या तारा बुक्सने २००४ साली काढलेल्या ‘द लंडन जंगल बुक’मध्ये विमान म्हणजे उडणारा हत्ती, भुयारी रेल्वे म्हणजे पाताळातील गांडूळ, बिग बेन म्हणजे कोंबडा, आणि रात्री जागे होणारे इंग्रज म्हणजे वटवाघळे! ही विनोदबुद्धी आहेच. पण तिच्यामागे वर्गीकरणाची एक पक्की पद्धत आहे. ३० क्रमांकाची बस विश्वासू कुत्रा म्हणून चितारली जाते, कारण अनोळखी शहरात तीच त्यांना नेमकी मुक्कामी पोचवते. निसर्ग येथे दृश्य म्हणून येत नाही, तो विचाराचे साधन होतो.

या पुस्तकाचे कौतुक करतानाही एक शंका उरते. चित्रे भज्जू श्याम यांची, परंतु इंग्रजी मजकूर गीता वुल्फ व सिरीश राव यांच्या सहकार्याने सिद्ध झाला आहे. गोंडाचे मौन सुटले खरे. ते सुटले मात्र संपादकाच्या इंग्रजीत. चित्रांकडे पाहताना ही अडचण जाणवत नाही, वाचताना जाणवते.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. अशा गावातील मूल महाविद्यालयात येते, किपलिंग वाचते. त्याला मोगलीशी तादात्म्य पावता येईल. पण कारल्याचा वेल हाती घेतलेला तो अबोल मुखिया त्याच्या आजोबांसारखा दिसतो. संक्षिप्त आवृत्तीतून तो प्रसंग गाळणे हा यावरचा उपाय नव्हे. ती कथा आणि भज्जू श्याम यांचे पुस्तक एकाच तासाला, शेजारी ठेवून वाचावे लागेल.